‘कल्चर टाकले’

हमीदाबाई होडेकर शांत स्वभावाच्या नव्हत्या. आमच्या गावच्या साप्ताहिकाने त्यांच्या निधनाच्या बातमीत ‘शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना क्षमा करणाऱ्या’ अशी तीन विशेषणे एका ओळीत बसवली आहेत. तिन्ही खोटी आहेत. ज्याने ती लिहिली त्याने बाईंना कधी पाहिले नसावे, किंवा पाहून तो घाबरला असावा.

एवढेच असते तर मी या वयात लेखणी हाती घेतली नसती. मृत्युलेखात माणसे गोड होतातच. परंतु त्याच महिन्यात मासळी-प्रक्रिया कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी केंद्राने आपल्या दहा वर्षांची स्मरणिका काढली. बंद पडत आलेले केंद्र मुंबईच्या एका नामवंत सल्लागारांच्या ‘कल्चर’मुळे पुन्हा जिवंत झाले, आणि ‘स्थानिक महाविद्यालयातील एका अध्यापिकेने नमुने गोळा करण्याच्या कामी मोलाचे सहकार्य केले’, असे तिच्यात छापले आहे. पुरावा म्हणून खाली केंद्राच्या नोंदवहीतील एका पानाचे छायाचित्र आहे. निळ्या शाईत, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरात तिथे लिहिले आहे : ‘कल्चर टाकले.’

ते अक्षर माझे आहे.

सल्लागारांचे नाव मी या लेखात लिहिणार नाही. त्यांना छापील नावाची फार हौस आहे. ती माझ्या हातून भागू नये एवढी काळजी मी घेणार आहे.

बाई महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. घर रत्नागिरीतल्या मच्छीमारांच्या राजिवडा मोहल्ल्यात. वडील जहाजावर सारंग होते, दोन्ही भाऊ आखातात. उंच, काटक बांधा, आणि चालणे असे की बरोबरच्या माणसाला निम्मा वेळ पळावे लागे. हातात बारमाही पुरुषी काळी छत्री. ती पावसासाठी नव्हे, दाखवण्यासाठी होती : फळ्यावरची आकृती, चुकलेला विद्यार्थी, टाकीवरचा फेस, सारे त्या छत्रीच्या टोकाने दाखवीत. राग आला की आवाज चढण्याऐवजी उतरत असे आणि मराठी अधिक शुद्ध होई. मर्जी असेल तर मला ‘दामले’ म्हणत. बिघडली की ‘दामलेसाहेब’. पहिली दोन वर्षे मी साहेब होतो.

त्याचे कारण सांगतो. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि १९९८ साली, केंद्र सुरू झाले तेव्हा, तिथे पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच पावसाळ्यात या बाई छत्री टेकीत आल्या आणि त्यांनी टाकीतला बाटलीभर गाळ मागितला. मी प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा अर्ज मागितला. बाटलीभर गाळ, जो आम्ही रोज गाडीभर फेकत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज आणून दिला. दोन वर्षांनी आमच्याकडचे उपकरण बिघडले आणि मला त्यांच्या प्रयोगशाळेतून दोन बाटल्या ऊर्ध्वपातित पाणी हवे होते. मी स्वतः गेलो. बाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाल्या, “अर्ज आणलात ना, दामलेसाहेब? शिक्क्यासह?”

मी परत गेलो, अर्ज टंकून घेतला, शिक्का मारला आणि नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, फाईलला लावला आणि पाणी दिले. त्या दिवसापासून मी ‘दामले’ झालो.

डूख धरणे हा दुर्गुण आहे असे आपल्याकडे शिकवतात. बाईंकडे पाहिल्यावर मला ते पटेनासे झाले. त्यांचा डूख हा हिशेबी, स्वच्छ आणि ज्याचा त्यालाच पोचणारा असे. त्यांच्या एका सहकाऱ्याने प्राध्यापकांच्या खोलीत त्यांना हसत हसत ‘मासळीवाल्यांच्या मॅडम’ म्हटले होते. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढे कोणीही पाहुणा आला आणि ते गृहस्थ जवळ असले की बाई पुढे होऊन सांगत, “मी हमीदा होडेकर, मासळीवाल्यांची मॅडम. हे नाव मला सरांनी दिलं.” ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत हे चालले. निरोपसमारंभातही चालले. मनमिळाऊ म्हणे.

आता त्यांच्या कामाविषयी. स्मरणिकेच्या लेखकाला ते कळलेले नाही, म्हणून मला कळले तसे सांगतो.

सांडपाणी यंत्रे साफ करीत नाहीत. टाकीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, ते घाण खातात; यंत्रे त्यांना फक्त हवा पुरवतात. पूर्वी त्यांच्यात कोण कोण आहे हे पाहायचे तर काचेच्या बशीत खाद्य घालून ते वाढवावे लागत. बाई विद्यार्थ्यांना विचारीत : गावजेवणाला जे आले तेवढेच लोक गावात राहतात असे धराल का? म्हातारे, आजारी, रुसलेले, त्या दिवशी समुद्रावर गेलेले, त्यांचे काय? बशीतल्या खाद्यावर वाढतात ते नुसते जेवायला आलेले. खरा गाव बशीबाहेरच राहतो.

नव्या पद्धतीत आमंत्रणाची गरज नव्हती. गाळातून सगळ्यांचे मिळून डीएनए काढायचे, त्यातला ओळख पटवणारा ठरावीक तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा, आणि एका जेलमध्ये विजेच्या जोरावर पळवायचा. प्रत्येक जातीचा तुकडा आपापल्या जागी थांबतो आणि तिथे एक पट्टा उमटतो. जितके पट्टे, साधारण तितक्या प्रमुख जाती. आमचा फिटर शिवराम हे ऐकून म्हणाला होता, “म्हंजी टाकीचं रेशनकार्ड.” बाईंनी ती उपमा पुढे दरवर्षी वर्गात वापरली, आणि दर वेळी शिवरामचे नाव घेऊन वापरली. दुसऱ्याचे श्रेय कसे द्यावे हे ज्यांना शिकायचे आहे त्यांनी एवढे पाहावे.

यंत्र मात्र रत्नागिरीत नव्हते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी सुटीभर राहून बाई ही विद्या शिकल्या, आणि नंतर नमुने घेऊन एसटीने पुण्याला जात. नमुने थंड राहायला हवेत. म्हणून मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातला चुरा थर्मोकोलच्या पेटीत भरून त्यात बाटल्या रोवीत. एकदा मीही त्याच गाडीला होतो. पेटी पाहून कंडक्टर म्हणाला, “बाई, मासळी टपावर ठेवा.” बाईंनी शांतपणे सांगितले की ही मासळी नाही, घाण पाण्याच्या टाकीतला गाळ आहे, आणि तो त्यांच्या मांडीवरच राहील. शेजारचे दोघे उठले. मग पुढचे. हातखंब्याला पोचेपर्यंत त्यांच्याभोवतीच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या होत्या. कंडक्टर काकुळतीला येऊन म्हणाला, “बाई, मासळीच म्हणा की. लोकांना बरं वाटेल.”

“लोकांना बरं वाटावं म्हणून मी मासळी म्हणायची?” बाई म्हणाल्या. “गाळ आहे तर गाळच म्हणणार.”

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पुढे मी जे केले त्याच्या आधी ऐकले होते.

केंद्राच्या तिसऱ्या वर्षी टाकी मेली. मासळीच्या कारखान्यांचे पाणी खारट; त्या वर्षी दोन कारखाने वाढले आणि मिठाचे प्रमाण एकदम चढले. टाकीवर राखाडी फेस आला, हवा कितीही सोडली तरी वास जाईना, आणि बाहेर पडणारे पाणी आत येणाऱ्या पाण्यासारखेच दिसू लागले. ते खाडीला जात होते. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन केंद्राच्या दारात बसल्या. त्यांतल्या निम्म्या बाईंच्या मोहल्ल्यातल्या होत्या.

सल्लागार आले. त्यांनी चंदेरी पाकिटांतली पावडर आणली. तीत निवडक, शक्तिमान जंतू झोपलेले आहेत म्हणाले. आम्ही ती तीनदा टाकली. तिन्ही वेळा काही झाले नाही, आणि तिन्ही वेळा त्यांनी सांगितले की मात्रा कमी पडली.

बाईंनी पाकीट फोडून वास घेतला. आम्ही ज्या बाटलीपासून तोंड फिरवायचो तिच्यावर त्या डोळे मिटून नाक नेत. त्यांच्या नाकावर माझा उपकरणांपेक्षा अधिक विश्वास होता. म्हणाल्या, “दामले, ही गोड्या पाण्यातली पोरं आहेत. यांना तुम्ही समुद्रात ढकलताय. पोहता येणारे आणा.”

पोहता येणारे खाडीत होते. कांदळवनाच्या मुळाशी जो काळा गाळ असतो तो भरतीला खारट, ओहोटीला आणि पावसात गोडा. तिथले जंतू पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही सोसत आलेले. तो गाळ टाकीत टाकून सावकाश रुळवायचा, एवढेच त्यांचे म्हणणे. केंद्राच्या व्यवस्थापकांना घाम फुटला. साफ करायच्या टाकीत चिखल टाकला हे वर कळले तर? सल्लागारांचा करार चालू असताना?

अखेर त्यांनी डोळेझाक करायचे कबूल केले, पण कागदावर चिखल येता कामा नये या अटीवर. राजिवड्याच्या दोन होड्या गाळ घेऊन आल्या. शिवराम कमरेइतक्या चिखलात उभा राहून घमेली पुढे देत होता आणि विचारीत होता, “बाय, आमी हितं पानी साफ करताव का गढूल करताव?” सगळे हसत होते. मी हसत नव्हतो. माझ्या हातात नोंदवही होती. चौतीस अधिक तीन, सदतीस वर्षांत माझ्या नोंदवहीत एकही खोटी ओळ नव्हती, आणि याचा मला जो अभिमान होता तो गावाला ठाऊक होता.

बाईंनी माझी अडचण ओळखली. “कल्चर लिहा,” त्या म्हणाल्या. “खोटं नाही ते. जंतूंचं विरजण म्हणजे कल्चरच. कुठलं ते आपण नंतर लिहू.”

मी लिहिले. माझी सुटका झाली असे मला वाटले. त्या एका शब्दात सल्लागारांची पावडरही मावते हे मला त्या क्षणी कळले नाही असे मी म्हणणार नाही. कळले होते.

सात आठवड्यांत टाकी तपकिरी झाली. जिवंत टाकीचा तो रंग ज्याने पाहिला आहे त्यालाच कळेल. वास मातीचा येऊ लागला. बाहेरचे पाणी नितळ झाले. सल्लागार धावत आले आणि चौथ्या मात्रेचा हा परिणाम असल्याचे त्यांनी जाहीर केले. चौथी मात्रा अजून पाकिटातच होती.

बाईंनी पेटीत बर्फाचा चुरा भरला. त्या पुण्याला गेल्या.

संचालक मंडळाच्या बैठकीत त्या जेलचे छायाचित्र घेऊन आल्या. प्रत्येकाला एक प्रत दिली. माझी माझ्याजवळ आहे, ज्याला पाहायची असेल त्याने घरी यावे. त्यात पाच रांगा आहेत : पावडर, गाळ टाकण्यापूर्वीची टाकी, खाडीचा गाळ, सात आठवड्यांनंतरची टाकी आणि पाचवी वेगळीच. पहिल्या रांगेतले ठळक पट्टे चौथीत एकही नाहीत. तिसरीतले बहुतेक ठळक पट्टे चौथीत जसेच्या तसे, एका पातळीवर. पट्टी धरून पाहावे.

सल्लागार हसले. मी तो हसण्याचा आवाज विसरलेलो नाही. म्हणाले, मॅडम नमुने मासळीच्या बर्फात घालून नेतात असे ऐकतो. हे सगळे बर्फातले, मासळीचे जंतू दिसताहेत. संचालकही हसले. त्यांतले बहुतेक मासळीचेच व्यापारी होते.

बाईंचा आवाज उतरला. “पाचवी रांग आपण पाहिली नाहीत. तो मिरकरवाड्याचा बर्फ आहे. वितळवून, तोही चालवला. आपण हे म्हणाल याची मला खात्री होती.”

पाचव्या रांगेत दोन पुसट पट्टे होते, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्याच रांगेत काही नव्हते.

त्या खोलीतली ती शांतता मी आयुष्यात ऐकलेली सर्वांत सुंदर शांतता आहे. ती मिनिटभर टिकली. मग सल्लागारांनी नोंदवही मागवली, पान उघडले आणि अध्यक्षांपुढे सरकवले. जंतू जागा बदलली की रूप पालटतात, पट्ट्यांचे काय घेऊन बसलात, असे काहीतरी अडाणीपणाचे ते बोलले. आणि म्हणाले, इथे स्पष्ट लिहिले आहे, कल्चर टाकले. कल्चर या केंद्राला एकच माणूस पुरवतो. लिहिणारे समोर बसले आहेत, त्यांना विचारा.

अध्यक्षांनी मला विचारले, “दामले, तुम्ही टाकीत काय टाकलंत?”

व्यवस्थापक छताकडे पाहत होते. त्यांनी मला डोळ्याने खूणही केली नाही. मी निवृत्तिवेतन घेणारा माणूस. ती जागा गेली असती तरी माझ्या घरची चूल अडली नसती. मला फक्त एवढे म्हणायचे होते की माझी नोंद अपुरी आहे. बाई माझ्याकडे पाहत होत्या. विनवणी करीत नव्हत्या. साक्षीदार आपला आहे हे ज्याला ठाऊक असते तो जसा पाहतो, तशा पाहत होत्या.

मी म्हणालो, “नोंदवहीत आहे ते.”

बैठक संपली. बाईंनी सगळ्यांपुढच्या आपल्या प्रती उचलल्या नाहीत, तिथेच राहू दिल्या. छत्री घेतली. दारात माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, “आपलं अक्षर सुंदर आहे, दामलेसाहेब.” त्यानंतर मी पुन्हा कधी ‘दामले’ झालो नाही.

सल्लागारांना आणखी दोन केंद्रांची कामे मिळाली. तिथे पावडरने काय केले ते त्या गावांना विचारा. बाईंचे छायाचित्र त्यांनी मुंबईच्या एका परिषदेत स्वतःचे म्हणून दाखवले असे माझ्या कानावर आले. ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण स्मरणिकेत ते छापले आहे हे सांगू शकतो, आणि त्यात चारच रांगा आहेत. पावडरची पहिली रांग कात्रीने गेली आहे. निदान ज्याने ती कापली त्याला तरी ती काय सांगते ते नीट कळले होते. सूडच घ्यायचा तर तो असा, कापलेला तुकडा पुन्हा चौकात आणून घ्यावा. तो मी आज घेत आहे.

बाईंनी स्वतः सूड घेतला तो कामाने. गाळाचे नमुने दर ऋतूत घेत राहिल्या. पाऊस आला की कोण दबते, मीठ चढले की कोण डोके वर काढते, याची त्यांनी वर्षानुवर्षांची पट्ट्यांची मालिका जमवली. केंद्रात येत तेव्हा नमुन्याच्या अर्जावर माझी सही घेत. अर्ज दर वेळी असे, शिक्क्यासह. मला चहा विचारीत नसत. शिवरामला त्याच्या मुलांची नावे घेऊन विचारीत.

चार वर्षांनी मी ते काम सोडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी कळले की बाई आजारी आहेत. मी दोन पाने लिहिली : कोणत्या आठवड्यात, कुठला गाळ, किती घमेली, कोणाच्या होड्या. खाली सही केली आणि रुग्णालयात गेलो.

त्या उशीला टेकून एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासत होत्या. हात बारीक झाले होते. पाने घेतली, चष्मा सारखा केला आणि दोनदा वाचली. मग पेन्सिलीने एका वाक्याखाली रेघ ओढून पान माझ्यापुढे धरले. मी लिहिले होते : ‘व्यवस्थापकांच्या दबावामुळे मला तसे म्हणावे लागले.’

“हे खरं नाही,” त्या म्हणाल्या. “लिहायला दबाव होता. बोलायला नव्हता.”

मग, माझ्या आयुष्यात प्रथमच, मी कोणाची तरी माफी मागितली.

“नाही,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, चुकलेल्या उत्तरापुढे फुली मारावी तशा. “आणि हे मला कशाला आणलंत? काय झालं ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्याकडे न्या.”

मी ती पाने त्यानंतर कोणाकडेही नेली नाहीत. नेतो नेतो म्हणता महिने गेले, बाई गेल्या, आणि स्मरणिका आली. तेव्हा त्यांनी सर्वांना क्षमा केली असे जे साप्ताहिकात छापले आहे, ते निदान माझ्यापुरते मी खोडून काढतो. मला केली नाही. मी साक्षीला होतो.

उठलो तेव्हा त्यांनी प्रबंध पुन्हा मांडीवर ओढला होता. म्हणाल्या, “जाताना दार ओढून घ्या.”

मी ओढून घेतले. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन होता. त्यातून दिसले : बाईंनी पेन्सिलीचे टोक तपासले, एक पान उलटले, आणि कोणाच्या तरी चुकीपाशी थांबून त्या समासात सावकाश काहीतरी लिहू लागल्या.